आठ नंबरचा खांब: वरळीच्या समुद्राच्या एका तुकड्याचं प्रकरण

वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून होडी बाहेर काढली की डोक्यावरून एक कमानदार पूल जातो. कोस्टल रोडला वांद्रे-वरळी सी-लिंकशी जोडणारा हा पूल. त्याचे ७ आणि ९ क्रमांकाचे खांब एकमेकांपासून १२० मीटरवर आहेत. मधला ८ क्रमांकाचा खांब आराखड्यात होता, समुद्रात मात्र कधी उभा राहिला नाही. तो का राहिला नाही, याची ही हकिकत.

मूळ आराखड्यात दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर होतं. कोळ्यांची मागणी होती २०० मीटरची. बाहेरून पाहणाऱ्याला ही बाजारातली घासाघीस वाटली: एकाने साठ म्हणायचं, दुसऱ्याने दोनशे, आणि मध्ये कुठेतरी सौदा पटायचा. वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून मलाही तसंच वाटत होतं. मी वरळीचाच, जांबोरी मैदानाजवळच्या बीडीडी चाळीत वाढलेला. समुद्र घरापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. तरीही दोन्ही बाजू एकाच पाण्याबद्दल बोलत नव्हत्या, हे मला फार उशिरा उमगलं. पालिका ज्या पाण्यावर खांब उभे करणार होती ते एक पाणी, आणि कोळी ज्यातून रोज जात होते ते दुसरं.

पाण्याकडे बघणारे

वरळी हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक बेट. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी व्हेलार्डचा बांध घातला गेला, तेव्हा वरळी आणि मुंबई बेटामधली खिंड बुजली. त्याच्याही शंभर वर्षं आधी इंग्रजांनी वरळीच्या टोकावर किल्ला बांधला होता. किल्ला आजही कोळीवाड्याला खेटून उभा आहे. त्याच्या तटावरून गोऱ्या पहारेकऱ्याने समुद्राकडे पाहिलं ते शत्रूची गलबतं दिसतात का, एवढ्याचसाठी. गलबत नसेल तर त्याच्या लेखी समुद्र रिकामा.

पुढे त्याच किनाऱ्याला सी-फेस मिळाला. कागदोपत्री त्याचं नाव खान अब्दुल गफारखान मार्ग. वरळीतलं कुणी ते नाव घेत नाही. समुद्रासमोर घर असणं ही श्रीमंती ठरली आणि समुद्र खिडकीतून दिसायची वस्तू झाला. मग गिरण्या गेल्या, टॉवर आले आणि जाहिरातींत ‘सी व्ह्यू’ हा शब्द चौरस फुटाच्या भावात मिसळला.

आम्हा चाळकऱ्यांचा समुद्र आणखी निराळा. बीडीडीच्या खोलीला १६० चौरस फूट, मजल्यावर अशा वीस खोल्या, मधून लांबच लांब पॅसेज. समुद्र म्हणजे रविवारची संध्याकाळ, कठड्यावर बसून खाल्लेला भुट्टा, पावसाळ्यात अंगावर उडणारं पाणी. कोळीवाड्याकडे वळणारी गल्ली आली की नाकावर रुमाल धरणारेही आमच्यात होते. त्यांत मीही होतो, हे इथे लिहून ठेवतो. आम्ही वरळीचे, पण वरळीच्या समुद्राचे नव्हतो. हा फरक तेव्हा कळायचं कारणच नव्हतं. एखाद्या जागेत राहिलं म्हणजे ती जागा पूर्ण ठाऊक असते, असं माणूस गृहीतच धरतो.

माझा शाळेतला एक मित्र कोळीवाड्यातला. त्याचे वडील नाखवा, स्वतःच्या छोट्या होडीने जाणारे. आम्ही आठवीत असताना ते एकदा आम्हा दोघांना किल्ल्याच्या बाजूला घेऊन गेले. ओहोटीची वेळ होती. पाणी मागे सरलं होतं आणि खडक उघडे पडले होते. त्यांनी एकेक खडक नाव घेऊन दाखवला, जसा आपण वाडीतला एकेक माणूस दाखवतो. इथे कालवं मिळतात, इथे चिंबोरी शिरते, त्या पलीकडच्या कपारीत शेवंड. इथे पोरींनी जायचं, तिथे नाही, कारण भरती मागून येते आणि वाट बंद करते. मला दिसत होते ते काळे दगड. त्यांची नावं आज एकही आठवत नाही, याची खंत हे लिहिताना जास्त टोचते.

त्यांनीच सांगितलेली आणखी एक गोष्ट लक्षात राहिली. जाळं टाकायची जागा पाण्यावर खूण करून ठेवता येत नाही, म्हणून ती किनाऱ्यावर ठेवतात. देवळाचा कळस आणि गिरणीचं धुराडं एका रेषेत आलं, शिवाय दुसऱ्या बाजूला आणखी दोन खुणा जुळल्या, की तीच ती जागा. म्हणजे शहर त्यांच्या समुद्राच्या नकाशात होतं. धुराडी पडली तेव्हा आम्हा गिरणगावाच्या कडेला राहणाऱ्यांच्या पोटात तुटलंच, पण समुद्रात दूरवर उभ्या असलेल्या माणसाचीही एक खूण त्या दिवशी हरवली, हे आमच्या गावीही नव्हतं.

रस्ता येतो

मुंबईच्या कोस्टल रोडचा दक्षिण टप्पा मरीन ड्राइव्हजवळच्या प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून सी-लिंकच्या वरळी टोकापर्यंत, १०.५८ किलोमीटरचा. गिरगाव चौपाटीपासून प्रियदर्शिनी पार्कपर्यंत दोन किलोमीटरहून लांब जुळे बोगदे, पुढे समुद्रात भराव, आणि वरळीला पूल. काम २०१८ च्या अखेरीस सुरू झालं. समुद्रात सुमारे १११ हेक्टर भर पडली.

इंग्रजीत याला ‘रिक्लेमेशन’ म्हणतात. वांद्र्याच्या त्या भागाला तर आपण आजही ‘बांद्रा रिक्लेमेशन’च म्हणतो. त्या शब्दात आपलं हरवलेलं काहीतरी परत मिळवल्याचा भाव आहे. मराठीतला ‘भराव’ निदान खरं बोलतो: पाणी होतं, त्यात भर घातली.

ज्या पाण्यात भर पडणार होती तिथे मासेमारी होते, आमची उपजीविका तिथे आहे, हे सांगत वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्यव्यवसाय सहकारी सोसायटी उच्च न्यायालयात गेली. पर्यावरणाच्या अंगाने इतरांच्याही याचिका होत्या. १६ जुलै २०१९ रोजी मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंद्रजोग आणि न्यायमूर्ती एन. एम. जामदार यांच्या खंडपीठाने प्रकल्पाला मिळालेली किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी रद्द केली. काम थांबलं. त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. भरावाच्या जागेवर रस्त्याखेरीज दुसरी बांधकामं करू नयेत, अशी अट मात्र घातली.

याच काळातली एक नोंद मला महत्त्वाची वाटते. रस्त्याच्या मार्गात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ सापडले. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, वाघाच्या पंगतीला. त्यामुळे रीतसर परवानगी घेऊन त्यांच्या वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या. हे झालं ते बरंच झालं. पण विचार करण्यासारखं आहे: ज्या खडकावर प्रवाळ आहे त्याच खडकावर कालवं काढणारी बाई वर्षानुवर्षं बसत आली. प्रवाळाचा पत्ता कागदावर आला, कारण त्याला ओळखणारा कायदा होता. त्या बाईजवळ ना होडी, ना होडीचा परवाना. तिच्या बसण्याच्या जागेला कोणत्या अनुसूचीत घालायचं?

साठ मीटर कुणासाठी पुरे

आता मूळ वादाकडे येतो, कारण सगळं प्रकरण तिथे एकवटतं.

पालिकेची बाजू हलकी नव्हती, आणि ती नीट मांडायला हवी. छोट्या मासेमारी होडीची रुंदी दोन-तीन मीटर, जरा मोठी म्हटली तर चार-पाच. साठ मीटरच्या गाळ्यातून, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेतून, अशा कितीतरी होड्या शेजारी शेजारी जातील. अंतर वाढवायचं तर पुलाची रचनाच बदलते, तुळया जड होतात, खर्च वाढतो, काम लांबतं. तांत्रिक सल्ला हाताशी होता आणि त्यानुसार साठ पुरेसे होते. आराखडा करणाऱ्या माणसाने वाईट हेतूने साठ लिहिले, असं मला वाटत नाही. त्याच्या नकाशावर पाणी निळ्या रंगाचं होतं आणि होडी स्थिर होती. त्या नकाशात साठ मीटर खरोखरच पुरतात.

मित्राच्या वडिलांना मी हेच विचारलं होतं. तोवर ते दर्यात जायचे थांबले होते, पण बंदरावर रोज बसत. “काका, होडी चार मीटरची, वाट साठ मीटरची. मग अडचण कुठे?” ते रागावले नाहीत. म्हणाले, “पोरा, होडी म्हणजे बेस्टची बस नाय. बसला ब्रेक असतो.”

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत असं: होडी पुढे जाते तेव्हा ती आडवीही सरकत असते. वारा एका बाजूने ढकलतो, पाण्याची ओढ दुसऱ्या बाजूने. इंजिन बंद पडलं, पंख्यात जाळं अडकलं, की होडी वाऱ्याची. मोकळ्या पाण्यात अशी होडी शंभर-दीडशे मीटर वाहत गेली तरी तेवढ्यात नांगर टाकता येतो, दुरुस्ती होते, दुसरी होडी येऊन दोर टाकते. खांब असेल तर तेवढा वेळच नाही. शिवाय लाट खांबावर आपटून परत फिरते आणि येणाऱ्या लाटेवर चढते, म्हणून खांबाजवळचं पाणी कधी शांत नसतं. खांबाभोवती संरक्षणासाठी काही बांधलं तर वाट आणखी अरुंद. त्यात उधाणाचा दिवस, पहाटेचा अंधार, एक होडी आत येतेय आणि एक बाहेर जातेय. साठातले किती उरले ते मग मोजा.

ते बोलत होते तेव्हा मला माझी चाळ आठवली. आमच्या खोलीचं माप सरकारी कागदावर १६० चौरस फूट. पण आम्ही १६० फुटांत राहिलोच नाही. आम्ही पॅसेजमध्ये झोपलो, जिन्यावर अभ्यास केला, जांबोरी मैदानात लग्नाच्या पंगती उठवल्या, शेजारच्या खोलीत जेवलो. पुनर्विकासात खोलीच्या बदल्यात पाचशे चौरस फुटांचं घर, हे ऐकून बाहेरचा माणूस म्हणतो, तिप्पट मिळालं की! मिळालं, आणि ते आम्हाला हवंच होतं, त्यात खोटा हळवेपणा नको. पण पॅसेज कुणी मोजला नव्हता, हेही खरं. जो तिथला नसतो तो जागेची कड मोजतो. जो तिथला असतो तो त्या कडेबाहेर काय काय घडतं तेही जमेस धरतो. कोळ्यांचे दोनशे मीटर म्हणजे त्यांचा पॅसेज होता.

आणि आकडा अवास्तव होता का? सी-लिंककडेच पाहा. २००९ मध्ये सुरू झालेल्या त्या पुलाचा वांद्र्याच्या बाजूचा तारांवर तोललेला भाग २५० मीटरच्या दोन गाळ्यांचा आहे, वरळीच्या बाजूचा मुख्य गाळा १५० मीटरचा. म्हणजे एवढा रुंद गाळा इथल्या पाण्यात बांधता येत होता. बांधलेला समोर दिसत होता. तिथे तो बांधला गेला आणि इथे मासेमाराने मागितल्यावर जास्त वाटला.

कोळ्यांनी पत्रं दिली, बैठका केल्या, आणि २०२१ मध्ये बंदराच्या तोंडाशी होड्या आणून खांबांचं काम अडवलं. बरेच महिने ते तसंच अडून राहिलं. त्या दिवसांत शहरात उमटलेली प्रतिक्रिया मला अजून आठवते. लोकल ट्रेनमध्ये, ऑफिसात, आमच्या चाळीतही एकच सूर होता: मूठभर लोक सगळ्या मुंबईला वेठीला धरतायत. ‘सगळी मुंबई’ या शब्दातून मुंबईचे सर्वांत जुने रहिवासी बाहेर काढले जात होते, आणि बोलणाऱ्याला त्याची जाणीवही नव्हती.

डिसेंबर २०२२ मध्ये निर्णय झाला: ७ आणि ९ क्रमांकाच्या खांबांमध्ये १२० मीटर अंतर ठेवायचं, ८ क्रमांकाचा खांब गाळायचा. एवढं अंतर तोलायला साधी तुळई चालत नाही, म्हणून धनुष्याच्या आकाराची पोलादी कमान करावी लागली. दोन कमानी तयार झाल्या, प्रत्येकी दोन हजार टनांच्या किंवा त्याहून जास्त वजनाच्या, आणि बार्जवर ठेवून समुद्रमार्गे वरळीला आणल्या. पहिली एप्रिल २०२४ मध्ये बसवली, दुसरी मे महिन्यात. बार्ज नेमक्या जागी आणायला भरती-ओहोटीचं वेळापत्रक सांभाळावं लागलं, वारा बघावा लागला. ते वाचताना मला बंदरावर बसलेले काका दिसत होते.

जे सुटलं नाही

हे प्रकरण कोळ्यांच्या विजयाचं म्हणून सांगता येईल, पण मी तसं सांगणार नाही. दोनशे मागितले होते, एकशेवीस मिळाले. खांबांतून जायची वाट मोकळी राहिली, तरी भरावाखाली गेलेले खडक परत आले नाहीत. कोळीवाड्यात ज्यांचं पोट उघड्या खडकांवर होतं त्यांत बायका जास्त आणि म्हातारी माणसं जास्त. नुकसानभरपाई मोजायची तर होडीचा नंबर, परवाना, सोसायटीचं सभासदत्व असे धागे हाती लागतात. टोपली घेऊन ओहोटीला जाणाऱ्या बाईचा धागा कुठे शोधणार? ती जागा आपली म्हणायची ती सवयीने, आणि सवय सिद्ध करायला कागद लागतो.

कोळीवाडाही एकसंध नाही. खोल पाण्यात जाणाऱ्याचा समुद्र वेगळा, काठाकाठाने जाळं टाकणाऱ्याचा वेगळा. गल्ल्यांमध्ये भाडेकरू आहेत, ज्यांचं मासळीशी नातं फक्त विकत घेण्यापुरतं. माझा मित्र स्वतः लोअर परळच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. वर्षातून एकदा, नारळी पौर्णिमेला, तो होडीत पाय ठेवतो. त्याला खडकांची सगळी नावं येतात का, असं मी विचारलं. “अर्धी,” म्हणाला, आणि गप्प झाला. त्याच्या मुलाला किती येतील, हे मी विचारलं नाही.

त्यातच झोपडपट्टीचा शिक्का आहे. कोळीवाड्याची दाटी, चिंचोळ्या वाटा, पत्रे पाहून सरकारी नजरेला त्यातले भाग झोपडपट्टीसारखे दिसतात, आणि रहिवासी दरवेळी सांगतात की हे गावठाण आहे, शहर नंतर आलं. अंगणातल्या मोकळ्या जागेकडे बाहेरचा माणूस बघतो तेव्हा त्याला बांधकामाविना पडून असलेली जमीन दिसते. घरच्यांना तिथे जाळं पसरायचं असतं. समुद्राच्या बाबतीत झालं तेच इथे जमिनीवर होतं: ज्याचा उपयोग आपल्याला ठाऊक नाही ती जागा मोकळी समजायची.

एक तपशील आणखी. कोस्टल रोडवर दुचाकी चालत नाही, सी-लिंकवरही नाही. कोळीवाड्यात घराघरांपुढे उभ्या असतात त्या स्कूटर आणि मोटारसायकली. त्यामुळे ज्या पुलासाठी एवढं झालं, तो पूल खालून पाहण्याचाच प्रसंग त्यांच्यातल्या बऱ्याच जणांवर येतो.

मागच्या हिवाळ्यात मित्र आणि मी वांद्र्याहून टॅक्सीने परत येत होतो. सी-लिंक संपून गाडी कमानीखाली शिरली. ताशी ऐंशीच्या वेगाने ते १२० मीटर पार करायला साडेपाच सेकंद लागतात. मी घरी येऊन हिशेब केला. डाव्या हाताला कोळीवाड्याची रंगीत घरं, किल्ला. टॅक्सीवाला उत्तरेकडचा, मुंबईत नवीन. “क्या मस्त ब्रिज बनाया है,” तो म्हणाला. मित्राने मान डोलावली. मग त्याने काच खाली केली आणि कठड्यापलीकडच्या पाण्याकडे बोट दाखवलं. तिथे काहीच नव्हतं.

“हा बघ,” तो म्हणाला, “आठ नंबर.”